थोरला डाव, धाकटा डाव

दिवाळीच्या दिवसांत दुपारची जेवणे आटोपली, की घरातले कोणीतरी माळ्यावरची पेटी खाली काढते. पेटीत घडी घातलेला कापडी पट असतो, लाकडी मोहरी असतात, एखाद्या घोड्याचा कान तुटलेला असतो आणि हरवलेल्या प्याद्याच्या जागी सदऱ्याचे बटण असते. धार आणि देवास येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरांतील वाचकांना या पेटीचे वर्णन अधिक करून सांगायला नको. पट मांडण्याआधी वडीलधारे एक प्रश्न विचारत, तो मात्र आठवून पाहा. "कोणत्या रीतीने खेळायचे? देशी की विलायती?" आज घरातल्या नातवंडांना हा प्रश्न विचारला, तर ती आपल्या तोंडाकडे पाहत राहतील. त्यांच्या लेखी बुद्धिबळ एकच आहे.

हा प्रश्न कसा हरवला, तो हरवल्याची हळहळ आपल्याला का वाटते आणि त्या हळहळीतले खरे किती, हा या व्याख्यानाचा विषय आहे. "जुने खेळ चांगले होते" हे वाक्य आपण सगळेच बोलतो. मीही बोलतो. पण इतिहासाच्या अभ्यासकाने अशा वाक्याला निदान तीन प्रश्न विचारले पाहिजेत. जुने म्हणजे नेमके कधीचे? चांगले म्हणजे कोणाला चांगले? आणि चांगले होते, तर ते टिकले का नाही?

एकाच जागी दोन रीती शेजारी नांदणे ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. पवार बंधू तुकोजी आणि जिवाजी यांनी १७२८ च्या सुमारास देवासला बस्तान बसवले आणि पुढे एका गावात दोन राज्ये चालली, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन दरबार, दोन कारभार, आणि मधून जाणारी हद्द. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर हे १९२१ मध्ये थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव यांचे खासगी चिटणीस होते. त्या दिवसांवरचे त्यांचे पुस्तक १९५३ मध्ये निघाले आणि देवास जगाच्या वाचनात आले. तोवर १९४८ मध्ये दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या होत्या. बुद्धिबळाच्या पटावरही असेच एक थोरले घर आणि एक धाकटे घर होते. त्यांचे विलीनीकरण मात्र कोणत्याही करारावर सही न होता झाले.

आधी देशी रीत काय होती ते पाहू. घरोघरी, गावोगावी तीत फरक असत. तरी तिचा गाभा असा सांगता येतो. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे सरकायचे. विलायती खेळात ते सुरुवातीला दोन घरे उडी मारू शकते. देशी पटावर किल्लेकोट नव्हता; म्हणजे राजा आणि हत्ती यांची एकाच चालीत अदलाबदल करून राजाला कोपऱ्यात लपवण्याची सोय नव्हती. त्याऐवजी, राजाला एकदाही शह बसलेला नसेल, तर त्याला साऱ्या डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येई. दोन्ही राजे समोरासमोर उभे नसत. प्रत्येक राजासमोर परपक्षाचा वजीर उभा असे. प्यादे शेवटच्या घरात पोचले, की ते ज्या मोहऱ्याच्या घरात पोचले तेच मोहरे बनायचे. घोड्याच्या घरात गेले तर घोडा, हत्तीच्या घरात गेले तर हत्ती. मागेल तो वजीर मिळत नसे.

खेळाचा शेवट तर अगदीच निराळा होता. एका बाजूला राजाखेरीज काहीच उरले नाही, की बुर्जी झाली आणि डाव बरोबरीत सुटला. याचा परिणाम काय होई पाहा. जिंकत आलेल्या खेळाडूला समोरच्याचे शेवटचे मोहरे मारून चालत नसे. ते जपून, सांभाळून, त्याला डावात राखूनच राजाला कोंडावे लागे. पुन्हा मात कोणत्या मोहऱ्याने दिली यालाही मोल होते. प्याद्याने दिलेली मात, म्हणजे प्यादेमात, ही सर्वांत मानाची. वजिराच्या जोरावर कोणीही मात देईल, साध्या प्याद्याने देऊन दाखवा, असा तो खेळ होता. विलायती नियमात मात ती मात; ती कशी दिली याची नोंद गुणपत्रकावर होत नाही.

देशी खेळ संथ होता, हे त्याचे प्रेमी अभिमानाने सांगत आणि टीकाकार कुरकुरत सांगत. प्यादी एकेक घर सरकणार, दोन्ही फौजा आपापल्या मुलखात रचना करणार आणि मग कुठे चकमक झडणार. काही ठिकाणी ही दिरंगाई टाळण्यासाठी सुरुवातीलाच दोन्ही बाजूंनी ठरावीक चाली एकदम करून घेत. त्या किती, हे खेळण्याआधी ठरवून घ्यावे लागे. म्हणून तर तो प्रश्न विचारला जाई. डाव मांडण्याआधी एक छोटीशी बैठक होई, तडजोड होई आणि मग खेळ सुरू होई.

आता पहिला प्रश्न घेऊ. हे जुने म्हणजे कधीचे? वजीर आज पटावर आठही दिशांना लांबवर धावतो. हजार वर्षांपूर्वी तो तिरका एकच घर चालत होता. त्याला मोकळे रान मिळाले ते पंधराव्या शतकाच्या अखेरीस, युरोपात. आपले आजोबा ज्याला देशी म्हणत, त्या खेळातला वजीरही धावणाराच होता. म्हणजे आपल्या "जुन्या" खेळाने ही नवी चाल केव्हाच पचवली होती. शब्दांचेही तसेच आहे. संस्कृत चतुरंगाचे इराणात चतरंग झाले, अरबांनी त्याचे शतरंज केले आणि त्या प्रवासातून परत येताना शह, मात, वजीर, प्यादे, फर्जी हे शब्द आले. मराठी माणूस "काटशह दिला" म्हणतो, तेव्हा त्या एका शब्दात इराणचा शाह दडलेला असतो. सर्वांत देशी वाटणाऱ्या खेळाची परिभाषा अशी परदेश फिरून आलेली आहे.

लेखी आधार मागे नेऊन पाहा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरचा 'मानसोल्लास' हा बाराव्या शतकातला ग्रंथ. राजाच्या करमणुकीच्या प्रकरणांत त्याने बुद्धिबळाला जागा दिली आहे. सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांनी आपल्या 'भगवंतभास्कर' या मोठ्या धर्मशास्त्रीय ग्रंथात, राजनीतीच्या भागात, या खेळाची मांडणी आणि चाली लिहून ठेवल्या. नीलकंठ भट्टांचे घराणे मूळचे पैठणचे, काशीला जाऊन स्थायिक झालेले. महाराष्ट्राबाहेर पिढ्या काढलेल्या मराठी घराण्यातील एका पंडिताने धर्मशास्त्राच्या ग्रंथात बुद्धिबळाचे नियम नोंदवले, ही गोष्ट धार-देवासच्या वाचकाला आपल्या घरची वाटावी अशी आहे. या नोंदी शेजारी ठेवून वाचल्या, की एक गोष्ट लक्षात येते. सगळ्यांचा खेळ एकसारखा नाही. प्रत्येक काळाचे आपापले बुद्धिबळ होते आणि प्रत्येक काळाला आपलेच मूळचे वाटत होते.

आता धारकडे येऊ. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतरच्या धामधुमीत राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई धारच्या किल्ल्यात आश्रयाला होत्या. तेथेच १७७५ च्या जानेवारीत दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. तो किल्ला आपण रोज पाहतो. पुढे हाच बाजीराव पुण्याच्या गादीवर असताना, १८१४ मध्ये, मुंबईत बुद्धिबळावरचे एक इंग्रजी पुस्तक छापले गेले. त्याचे कर्ते त्रिवेंगडाचार्य शास्त्री हे दक्षिणेकडचे पंडित आणि मूळ ग्रंथ संस्कृत. पटावरच्या बिकट परिस्थिती मांडून त्यातून मात कशी काढायची, हा त्याचा विषय. त्याच्या मुखपृष्ठावरचा एक खुलासा आपल्या प्रश्नाला थेट भिडतो. हे डाव युरोपीय रीतीला जुळवून घेतले आहेत, असे तेथे छापलेले आहे. पेशवाई अजून बुडायची होती. विलायती रीत घरोघर पोचायला अजून शंभर वर्षे होती. तरी एका शास्त्र्याचे डाव नव्या नियमांच्या वाचकांसाठी बदलून छापले जात होते. देशी की विलायती हा प्रश्न आपल्या आजोबांनी शोधलेला नव्हता. तो त्यांच्याही आजोबांच्या आधीचा होता.

मग दुसरा प्रश्न. नवे जिंकले ते कशाच्या बळावर? ते बुद्धीला अधिक खोल होते म्हणून जिंकले, असे मला वाटत नाही. ते लिहिलेले होते आणि सगळीकडे एकच होते, म्हणून जिंकले. धारचा खेळाडू देवासला गेला तर आधी रीत ठरवावी लागे. पुण्याला गेला तर पुन्हा ठरवावी लागे. ज्याला गावाबाहेर खेळायचे होते, त्याला एक सामाईक नियम हवाच होता. मीर सुलतान खान या पंजाबी खेळाडूची हकिकत प्रसिद्ध आहे. तो देशी रीतीत वाढला, मग विलायती शिकला, १९२८ मध्ये अखिल भारतीय अजिंक्यपद जिंकले आणि दुसऱ्याच वर्षी सर उमर हयात खान यांच्याबरोबर विलायतेला जाऊन ब्रिटिश अजिंक्यपद मिळवले. ते त्याने १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा जिंकले. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्याने कापाब्लांकाला हरवले. हिंदुस्थानात परतल्यावर १९३५ मध्ये त्याचा व्ही. के. खाडिलकर या मराठी खेळाडूशी सामना झाला, त्यात दहा डावांपैकी खाडिलकरांना एकच बरोबरीत सोडवता आला. आंतरराष्ट्रीय संघटनेने सुलतान खानाला ग्रँडमास्टर ही मानाची पदवी दिली ती २०२४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ५८ वर्षांनी.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. १९५५ मध्ये एलुरु येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. स्पर्धा आंतरराष्ट्रीय नियमांची होती. ज्या मुलाला पुढे जायचे, त्याने कोणती रीत शिकायची हे तेव्हाच ठरून गेले.

नव्या रीतीच्या बाजूने आणखी एक साक्ष दिली पाहिजे, कारण जुन्याची आठवण काढताना आपण ती हटकून विसरतो. मूळ सांगलीच्या खाडिलकर घराण्यातील तीन बहिणी वासंती, जयश्री आणि रोहिणी या राष्ट्रीय पातळीवर खेळल्या. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये वासंतीने जिंकली. १९७६ मध्ये रोहिणीने पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला, तेव्हा विरोध झाला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स युवे यांनी निर्वाळा दिला, की स्त्रियांना अशा स्पर्धेतून वगळता येणार नाही. पटावर कोण बसले आहे हे नियम विचारत नाही, हे लेखी नियमाचे बळ आहे. दिवाणखान्यातल्या देशी डावात असा निर्वाळा कोणाकडे मागायचा होता? तेथे ज्येष्ठांचा शब्द हाच नियम होता, आणि घरातल्या लेकीसुना बहुधा दाराआडून डाव पाहत. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. त्या यशाचा रस्ता नव्या रीतीनेच मोकळा केला, हे मोकळेपणाने मान्य करू या.

जुने मात्र समूळ गेले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कलकत्त्यात जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश बॅरिस्टर मोहेशचंद्र बॅनर्जी या बंगाली ब्राह्मणाशी विलायती नियमांनी खेळत असे. मोहेशचंद्रांचा हात देशी खेळावर बसलेला. प्यादी ते एकेक घरच सरकवत, उंटाला बाजूच्या कर्णावर बसवून ठेवत आणि दुरून मारा करत. कॉक्रेनने ते डाव टिपून ठेवले. बचावाच्या या धाटणीला पुढे 'इंडियन डिफेन्स' हे नाव पडले आणि आज जगातले मोठे खेळाडू ती वापरतात. नियम बदलला, सवय राहिली, आणि त्या सवयीने नव्या खेळाला शहाणपण दिले. मात्र हे घडले, कारण कोणीतरी डाव लिहून ठेवले होते.

बुद्धिबळ सुदैवी ठरले. बाकीच्या पटांची गोष्ट वेगळी आहे. सोंगट्यांचा खेळ घ्या. चार खेळाडू, समोरासमोरचे दोघे भिडू. आपल्या सोंगट्या घरी पोचल्या म्हणजे आपण सुटलो असे नव्हते; भिडूच्याही पोचायला हव्यात. दोन सोंगट्या एका घरात आल्या की जुग झाले. जुग फुटले म्हणजे काय होते, हे खेळ न येणाऱ्यालाही मराठी भाषेमुळे कळते. हाच खेळ १८९० च्या दशकात इंग्लंडात 'ल्यूडो' म्हणून निघाला आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातून परत आपल्याकडे आला. कवड्या गेल्या, एक फासा आला. जुगाचे महत्त्व ओसरले. भिडू गेला, आणि प्रत्येक जण आपापल्या रंगाचा मालक झाला. येथे जे गेले ते नुसत्या आठवणीतले नाही. दुसऱ्यासाठी थांबण्याची रीत खेळाच्या नियमातच होती, ती नियमातून निघून गेली.

मोक्षपटाचेही तसेच झाले. परंपरा त्याचा संबंध ज्ञानेश्वरांशी जोडते. घराघरांवर पापपुण्यांची नावे असत. दुर्गुणाच्या घरात साप, सद्गुणाच्या घरात शिडी, आणि शेवटी मोक्ष. विलायतेला जाऊन आला तेव्हा हळूहळू नावे गळाली आणि एकपासून शंभरपर्यंतचे आकडे उरले. मुले आज साप चावला म्हणून हसतात. कशामुळे चावला हे पटावर लिहिलेले नसते.

गंजिफांची तर गोष्टच न्यारी. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची दहा कुळे आणि प्रत्येकाची बारा पाने, असे १२० पानांचे गोल पत्ते असतात. ही कला मरणपंथाला लागली असताना सावंतवाडीच्या राजघराण्याने तिला पुन्हा उभे केले, हे मोठे काम झाले. पण आज ते पत्ते बहुतेक घरांत चौकटीत बसवून भिंतीवर टांगलेले दिसतात. चित्र वाचले; पाने वाटून डाव मांडणारे हात मात्र फार थोडे उरले. आपली हळहळ अशीच वस्तूंवर खर्च होत राहिली, तर पेटीतल्या पटाचेही पुढे हेच होईल. येथे अकबराची आठवण होते. त्याने गंजिफाच्या रंगांत स्वतः फेरबदल केले आणि अबुल फजलने ते 'आइन-ए-अकबरी'त लिहून ठेवले. म्हणून चारशे वर्षांनंतरही आपण जुनी आणि नवी गंजिफा शेजारी ठेवून पाहू शकतो.

आता तुमच्या नातवंडांच्या खेळाकडे वळतो. पुण्या-बंगळुरास किंवा अमेरिकेत असलेला नातू सुट्टीत घरी आला, की आठ-दहा बाजूंचे चित्रविचित्र फासे आणि जाडजूड पुस्तके काढून मित्रांबरोबर रात्र रात्र बसलेला तुम्ही पाहिला असेल. त्या प्रकारातला पहिला प्रसिद्ध खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये अमेरिकेत काढला. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेका पात्राचे सोंग घेतात, आणि पात्राचे धाडस साधले की फसले हे फासे ठरवतात. हे परके वाटते ना? वंशावळ पाहा. १७८० मध्ये ब्राउनश्वाइगच्या हेलविग नावाच्या गणिताच्या शिक्षकाने बुद्धिबळाचा पट वाढवून, मोहऱ्यांच्या पलटणी करून, युद्धाचा एक खेळ रचला. त्या वाटेने पुढे प्रशियाच्या सैन्याचा युद्धखेळ निघाला. राइसविट्‌झ या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये त्याचे नियम छापले. त्यातून हौशी लोकांचे टेबलावरचे युद्धखेळ आले आणि त्यांतून हा सोंगाचा खेळ. म्हणजे नातवाच्या हातातला फासा, दूरच्या नात्याने का होईना, आपल्याच चतुरंगाच्या घरातला आहे.

गंमत पुढे आहे. या खेळाच्या नियमांच्या नव्या आवृत्त्या निघत गेल्या: १९८९, २०००, २००८, २०१४. आणि अवघ्या काही दशकांच्या या खेळात "जुनी आवृत्तीच खरी" असे म्हणणारा पंथ तयार झाला. जुन्या खेळात नियम थोडे आणि सूत्रधाराचा निवाडा मोठा. नव्यात प्रत्येक गोष्टीला नियम. जुन्यात पात्र झटकन मरे, म्हणून जपून पाऊल टाकावे लागे. नव्यात पात्र सुरुवातीपासून बलवान. त्यांचे वाद ऐकले, तर आपल्या ओसरीवरचे देशी-विलायती वाद ऐकल्यासारखे वाटते. मात्र त्या मंडळींनी एक काम केले, ते आपण केले नाही. २००० मध्ये प्रकाशकांनीच काही नियम इतरांना वापरण्याची मोकळीक दिली होती. तिचा आधार घेऊन २००६ मध्ये काही खेळाडूंनी सत्तरच्या दशकातली रीत नव्याने लिहून काढली आणि सर्वांना खुली केली. त्यामुळे आज विशीतला मुलगाही जुनी रीत खेळू शकतो. त्याच्यापुरती ती आठवण उरलेली नाही. तो त्याचा आजचा खेळ आहे.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, आणि येथे थोडे आपल्याच मनात डोकवावे लागेल. जुना खेळ आठवतो तेव्हा आपल्याला नेमके काय आठवते? प्याद्याचे एक घर आठवते, की ओसरी, कंदील, तंबाखूचा वास आणि शेजारच्या काकांचा ठसका? बहुधा दुसरे. त्यात चूक काही नाही. पण त्या हळहळीत आणखी एक गोष्ट मिसळलेली असते आणि ती मान्य करायला जड जाते. जुन्या रीतीत नियम वडिलांच्या तोंडी होता. वाद झाला की आजोबा म्हणत, "आमच्यात असेच खेळतात," आणि वाद मिटे. नव्या रीतीत दहा वर्षांची नात नियमांचे पान उघडून आजोबांना थांबवू शकते. आपण ज्याला खेळाचा ऱ्हास म्हणतो, त्यात थोडासा भाग आपला शब्द खाली पडल्याचाही असतो. तेवढा भाग बाजूला काढला, तर उरलेली हळहळ खरी आहे. तिची किंमत आहे आणि तिच्यासाठी काही करण्याजोगे आहे.

आपल्या भाषेचा अनुभव हेच सांगतो. महाराष्ट्रातले आप्त लग्नकार्यात भेटले, की आपल्या बोलीवर कोणीतरी हसतेच. एखादा शब्द त्यांना जुनाट वाटतो, एखादा हिंदीच्या वळणाचा. आपण कधी ओशाळतो, कधी "आमचीच मराठी जुनी आणि अस्सल" म्हणून ताठ होतो. दोन्ही वेळा आपण हातातले काम सोडतो. माळव्यातल्या घरांत कोणते शब्द, कोणत्या अर्थाने, कोणाच्या तोंडी आहेत, हे लिहून ठेवणे हे ते काम. खेळाचेही तेच. रीत अस्सल होती की भेसळीची, हा वाद घालायला पुढे वेळ आहे. रीत कोणती होती हे सांगणारी माणसे मात्र दरवर्षी कमी होत आहेत.

म्हणून, वाचकहो, एक विनंती करून हे व्याख्यान संपवतो. या दिवाळीत पेटी काढाल, तेव्हा घरातल्या सर्वांत वयस्क माणसाशेजारी बसा आणि जवळ वही ठेवा. त्यांना "जुना खेळ कसा होता" असे मोघम विचारू नका. "छान होता" असे मोघम उत्तर येईल. नेमके विचारा. राजाची उडी केव्हापर्यंत चालायची? उडी मारताना त्याला मोहरे मारता यायचे का? सुरुवातीच्या चाली एकदम करायच्या का, आणि किती? प्यादे घोड्याच्या घरात पोचले की लगेच आणखी एक चाल मिळायची का? बुर्जी कधी धरायची? राजाला चालच उरली नाही, पण शहही नाही, तेव्हा काय करायचे? सोंगट्यांत कवड्या सहा की सात, आणि कोणते दान पडले की सोंगटी पटावर यायची? ही रीत कोणाकडून आली, धारची की माहेरच्या गावची? आजींनाही विचारायला विसरू नका. दाराआडून पाहणाऱ्यांना नियम पक्के ठाऊक असतात.

दोन घरांच्या वह्या जुळणार नाहीत. तेच हवे आहे. थोरल्या पातीची रीत थोरल्या पातीच्या नावाने आणि धाकटीची धाकटीच्या नावाने लिहून ठेवा. कोणती खरी हे ठरवू नका. मग नातवाला समोर बसवा आणि वहीतल्या नियमांनी एक डाव खेळा. तो हरला तर हरू द्या. प्याद्याने मात झाली तर ती मानाची का, ते त्याला सांगा. दुसरा डाव त्याच्या रीतीने खेळा. आणि पुढच्या वर्षी पट मांडताना त्याने आपणहून विचारले, "आजोबा, कोणत्या रीतीने?" तर हरवलेला प्रश्न घरी परत आला, असे समजा.